टोपणनावांची विमाने व त्यांच्या गुप्त कामगिऱ्या

आपल्याकडे मुलाचे एक नाव पाळण्यात ठेवलेले असते, व दुसरे घरात हाक मारण्याचे असते. शाळेच्या पटावरील विश्वनाथ घरी नुसता बाळू असतो. यंत्रांनाही अशी दोन नावे असतात हे ऐकून आमच्या बालवाचकांस कदाचित नवल वाटेल. रात्रीच्या अंधारात गुप्तपणे माणसे व सामान वाहून नेणाऱ्या लष्करी विमानांच्या बाबतीत तर ही नावे तीन होतात. पहिले सरकारी, दुसरे वैमानिकांनी लाडाने दिलेले, आणि तिसरे मोहिमेपुरते धारण केलेले सांकेतिक नाव. पहिल्यात दिमाख असतो, दुसऱ्यात जिव्हाळा असतो, आणि तिसऱ्यात मुद्दामच काही अर्थ ठेवलेला नसतो. कारण त्यातून काही अर्थ निघाला, तर तो शत्रूसही कळेल. हा भेद दोन-चार उदाहरणांनी स्पष्ट करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम इंग्लंडातील लायसॅंडर या विमानाकडे पाहू. वेस्टलँड कारखान्याच्या या विमानाने पहिले उड्डाण १९३६ साली केले. त्याचे नाव प्राचीन स्पार्टाच्या एका सेनापतीचे. परंतु वैमानिक मात्र त्याला ‘लिझी’ म्हणत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या सखूचे किंवा चिमीचे नाव द्यावे तसे! सैन्याच्या हालचाली टेहळण्यासाठी ते बांधले होते. पण १९४० साली फ्रान्सच्या लढाईत जर्मनांच्या चपळ विमानांपुढे या संथ लिझीचा टिकाव लागला नाही, व ती पुष्कळ पडली. तथापि जो दोष दिवसा घातक ठरला तोच रात्री गुण ठरला. अतिशय मंद गतीने उतरता येत असल्यामुळे तिला विमानतळ लागत नसे. गुरे चरण्याचे एखादे सपाट रान पुरे होई. म्हणून शत्रूने व्यापलेल्या फ्रान्समध्ये हेर पोचविण्याचे व तेथून माणसे आणण्याचे काम तिच्याकडे आले. तिला काळा रंग दिला, पोटाखाली जादा तेलाची टाकी बसविली, आणि उतारूंस झटपट चढता-उतरता यावे म्हणून डाव्या अंगास कायमची शिडी जोडली.

ही कामगिरी कशी पार पडे ते पाहण्यासारखे आहे. शुक्लपक्षाच्या उत्तरार्धात, पौर्णिमेच्या आगेमागे, दक्षिण इंग्लंडातील टँगमिअर येथून वैमानिक एकटाच निघे. मांडीवर नकाशा, आणि खाली चांदण्यात चमकणाऱ्या नद्या, हेच त्याचे वाटाडे. ठरलेल्या शेतात तेथील देशभक्त मंडळी तीन साधे हातदिवे काठ्यांस बांधून उभी असत. पहिल्या दिव्यापासून वारा येत असे त्या दिशेने १५० यार्डांवर दुसरा, आणि त्याच्या उजवीस ५० यार्डांवर तिसरा. विमानाचा आवाज आला, की खालून दिव्याच्या उघडझापीने एक ठरलेले अक्षर दाखवावयाचे. ते चुकले तर वैमानिकाने न उतरता परत फिरावे, अशी आज्ञा होती. कारण दिवे धरणारा हात मित्राचाच आहे याची दुसरी खूण नव्हती. उतरणे, माणसे बदलणे, पुन्हा उडणे हे सारे अवघ्या काही मिनिटांत आटोपावे लागे. बहुधा दोन उतारू नेत. निकड असली तर तीनही कोंबले जात.

अशाच एका लिझीतून १९४३ सालच्या १६ जूनच्या रात्री नूर इनायत खान ही तरुणी फ्रान्समध्ये उतरली. तिचे वडील हजरत इनायत खान हे सूफी साधक व गायक. त्यांचा जन्म आपल्या गायकवाडांच्या बडोद्यात १८८२ साली झाला होता. नूर ही टिपू सुलतानाच्या वंशातली. मुलांसाठी तिने जातककथा इंग्रजीत सांगितल्या होत्या. अशी ही मृदू स्वभावाची लेखिका बिनतारी यंत्र घेऊन पॅरिसमध्ये राहिली. ती पोचल्यावर थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. परत येण्याविषयी तिला विचारण्यात आले असता तिने नकार दिला. कारण आपण गेलो तर लंडनला बातमी कळविणारे कोणी उरणार नाही, हे ती जाणून होती. ऑक्टोबरात ती फितुरीने पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे पदक मिळाले. त्या रात्री दोन लायसॅंडर विमानांतून नूरसह तीन स्त्रिया गेल्या होत्या. तिघींपैकी एकही परत आली नाही. लिझी हे नाव ऐकून हसू येते खरे, पण तिची शिडी उतरून गेलेल्यांचे स्मरण झाले म्हणजे ते हसू ओठांवरच थांबते.

दुसरे विमान डाकोटा. अमेरिकन शिपाई त्याला ‘गूनी बर्ड’ म्हणत. पॅसिफिक महासागरातील बेटांवर राहणाऱ्या अॅल्बट्रॉस पक्ष्याचे हे थट्टेचे नाव होय. हा पक्षी जमिनीवर चालताना बावळा दिसतो, परंतु हवेत शिरला की अथक उडत राहतो. या विमानाची एक मोठी गुप्त मोहीम आपल्याच देशातून निघाली. १९४४ च्या मार्चमध्ये आसामातील लालाघाट येथून जनरल विंगेट यांचे सैन्य ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीस उतरविण्याचे ठरले. मोहिमेचे नाव ‘थर्सडे’, म्हणजे गुरुवार. पण ती निघाली ५ मार्चला, रविवारी! जंगलातील मोकळ्या जागांस ‘ब्रॉडवे’, ‘पिकॅडिली’, ‘चौरंगी’ अशी न्यूयॉर्क, लंडन व कलकत्ता येथील गजबजलेल्या रस्त्यांची नावे दिली होती. निघण्याच्या थोडे आधी घेतलेल्या छायाचित्रात पिकॅडिलीवर झाडांचे ओंडके पसरलेले दिसले, म्हणून ऐनवेळी ती जागा सोडावी लागली. डाकोटांनी बिनइंजिनांची ग्लायडर विमाने दोरांनी ओढून नेली. कित्येक दोर वाटेतच तुटले, काही ग्लायडर अंधारात आपटून माणसे दगावली. तरी उरलेल्यांनी एका दिवसात धावपट्टी तयार केली, आणि दुसऱ्याच रात्री तेथे डाकोटा उतरू लागल्या. आठवडाभरात सुमारे ९,००० माणसे व १,३०० जनावरे, बहुतेक खेचरे, अशा रीतीने शत्रूच्या पाठीमागे पोचली.

तिसरे विमान हर्क्युलिस. याने प्रथम उड्डाण केले १९५४ साली. ग्रीक पुराणातील महाबली वीराचे हे नाव सैनिकांनी ‘हर्क’ एवढेच उरविले. गुप्त कामासाठी सजविलेल्या त्याच्या एका प्रकारास ‘कॉम्बॅट टॅलन’, म्हणजे लढाऊ नखी, म्हणत. २१ नोव्हेंबर १९७० च्या पहाटे अशा दोन विमानांच्या मार्गदर्शनाखाली ५६ अमेरिकन सैनिक उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील तुरुंगावर, आपले बंदिवान सोडविण्यासाठी, चालून गेले. कित्येक विमानांची सांकेतिक नावे फळांची: चेरी, सफरचंद, पीच. केळे नावाचे हेलिकॉप्टर तर मुद्दाम तुरुंगाच्या आवारातच आदळविण्यात आले. योजना अचूक पार पडली. पण कोठड्या रिकाम्या होत्या! बंदिवानांस जुलैतच दुसरीकडे हलविले होते. यावरून कौशल्य व शौर्य कितीही असले तरी खरी बातमी नसेल तर ते व्यर्थ जाते, हे ध्यानात यावे.

याच हर्क्युलिसच्या नव्या वंशजाने अलीकडे आपल्या लोकांचे प्राण वाचविले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी माजली असता भारतीय वायुसेनेचे सी-१३०जे विमान रात्रीच्या वेळी राजधानी खार्टूमच्या उत्तरेस वादी सय्यिदना येथील दिवे नसलेल्या धावपट्टीवर उतरले. वैमानिकांच्या डोळ्यांस रात्री पाहण्याचे चष्मे होते. इंजिने चालूच ठेवून १२१ माणसे आत घेण्यात आली. त्यांत एक गरोदर स्त्रीही होती. ऐंशी वर्षांपूर्वी तीन हातदिव्यांवर भिस्त ठेवून जे केले जाई, तेच हे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढे कधी अशा विमानाचे विनोदी नाव कानी पडले तर त्याचा कर्ता कोण याचा विचार करावा. सरकारी नाव कागदावर लिहिलेले असते, सांकेतिक नाव काम होताच निरुपयोगी होते. पण टोपणनाव देतो तो त्या विमानावर आपला जीव सोपविणारा मनुष्य. ज्याच्याशिवाय आपण घरी परतणार नाही, त्याला कोणी परक्या नावाने हाक मारीत नाही.