सागाची ‘जडी’: पाने झडल्यावरची तयारी

चंद्रपूर : अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान बल्लारपूरहून रवाना झाले. असा साग पुढेही मिळावा, यासाठीची रोपे रोपवाटिकेतील गादीवाफ्यांवर वाढतात. पावसाळ्यात झपाट्याने वाढलेल्या रोपांची पाने हिवाळा सरताना झडू लागतात. वाढ थांबते, सोटमुळात मात्र अन्नसाठा झालेला असतो. लागवडीपूर्वी रोप उपटून उपमुळे छाटली जातात, खोडही जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर ठेवले जाते. उरतो तो वीतभर लांबीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा, म्हणजेच ‘जडी’. पावसाच्या प्रारंभी ती रोवताच साठलेल्या अन्नावर नवा कोंब फुटतो. मूळ पुरेसे पोसण्याआधीच रोप उपटल्यास कोंब तग धरत नाही आणि लागवडीचा हंगाम वाया जातो. त्यामुळे बारीक मुळांच्या जड्या आधीच बाजूला काढाव्या लागतात.