कातडीच्या तुकड्याची तपासणी काही मिनिटांत!

बरी न होणारी जखम, वाढत जाणारा डाग दिसला की डॉक्टर बायोप्सी सांगतात. म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवा, मेणात बसवा, पातळ काप करून रंगवा, यात काही दिवस जातात. गावाकडच्या माणसाला रिपोर्टसाठी पुन्हा खेप, पुन्हा मजुरी बुडाली.

'कॉन्फोकल' सूक्ष्मदर्शकाला मेण नको, काप नको. ताजा तुकडा रंगद्रव्यात बुडवतात, लेझर किरण आतल्या पेशी टिपतो आणि त्या काही मिनिटांत पडद्यावर दिसतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये मिलिंद राजाध्यक्ष यांनी यावर बरंच काम केलंय. त्वचेच्या कॅन्सरची गाठ काढताना कडेला काही उरलं का, हे रुग्ण टेबलावर असतानाच कळतं.

यंत्र महागडं आहे. मेणाच्या पद्धतीचा रिपोर्टही पक्काच असतो. तो न्यायला मात्र जायलाच हवं.