पन्नास हर्ट्झचा नवरदेव

इलेक्ट्रिकलवाल्यांनो, एक साधा प्रश्न. आपल्या रूममधल्या सॉकेटची फ्रिक्वेन्सी किती? ५० हर्ट्झ, हे फर्स्ट इयरचं पोरगंही सांगेल. आता दुसरा प्रश्न : हे सॉकेट नर की मादी? हसू नका. दक्षिण अमेरिकेत, गयाना देशाच्या ओढ्यांमध्ये स्टर्नोपायगस नावाचा एक मासा असतो. त्याच्या हिशेबाने उत्तर सरळ आहे. नर!

हा मासा सुरीच्या पात्यासारखा चपटा, रात्री फिरणारा. त्याच्या अंगात स्नायूंपासूनच बनलेल्या खास पेशींच्या रांगा असतात. टॉर्चमध्ये सेल सिरीजमध्ये घालतो तशा. तरी एकूण वीज इतकी कमी की पाण्यात हात घातला तर काही कळणार नाही. याचाच लांबचा नातेवाईक इलेक्ट्रिक ईल ८६० व्होल्टपर्यंत झटका देतो, पण तो प्रकार वेगळा. स्टर्नोपायगसची वीज अंधारात वाट शोधायला आणि एकमेकांशी बोलायला. दिवसरात्र चालू, लोडशेडिंग नाही. तिची लय मेंदूतला पेशींचा एक छोटा पुंजका ठरवतो, म्हणजे मायक्रोप्रोसेसरचा क्लॉकच म्हणा.

आता मुद्दा लग्नाचा. कार्ल हॉपकिन्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने गयानात जाऊन मोजमाप केलं आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रौढ नर ५० ते ९० हर्ट्झ, मादी १०० ते १५०. विणीच्या हंगामात जवळून मादी गेली की नर आपला एकसुरी सूर सोडतो, फ्रिक्वेन्सी चढवतो, मध्येच तोडतो. हॉपकिन्सने पाण्यात मादीच्या फ्रिक्वेन्सीची नुसती साइन वेव्ह सोडली, तर नर तिच्यासाठीही 'गाऊ' लागले. सिग्नल जनरेटरवर लाइन मारणारे!

हा फरक हॉर्मोन्सचा. नराचं हॉर्मोन दिलं की फ्रिक्वेन्सी खाली येते. पण नुसता क्लॉक स्लो झाला आणि पल्स तेवढीच अरुंद राहिली तर वेव्हफॉर्म बिघडेल ना? म्हणून तेच हॉर्मोन वीजपेशींमधले सोडियम चॅनेल जरा सावकाश बंद व्हायला लावतं. पल्स रुंद होते आणि वेव्ह पुन्हा साइनसारखीच. मला तरी हे आपल्या लॅबमधल्या कुठल्याही सर्किटपेक्षा भारी वाटतं.

पण लग्न कधी, हे कोण सांगतं? पाऊस. आयगनमानिया नावाचा याचाच एक काचेसारखा पारदर्शक भाऊबंद आहे. टाकीत तो मजेत जगायचा, पण अंडी काही घालायचा नाही. फ्रांक किर्शबाउम या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात टाकीतच पावसाळा आणला. वरून पाणी शिंपडलं, पातळी वाढवली आणि पाण्याची कंडक्टिव्हिटी हळूहळू कमी केली. (मराठीत वाहकता. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हे शब्दकोशात बघावं लागतं.) उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यात क्षार दाट असतात, पावसाने ते पातळ होतात. तेवढ्यावर माशांच्या पोटात अंडी भरू लागली. पुढे २००२ मध्ये त्याने आणि एका सहकाऱ्याने दाखवलं की बऱ्याच जातींना वाहकतेतला बदल एकटाच पुरतो. वाहकता परत वाढवली की भरलेली अंडी जिरून जातात. म्हणजे पाण्यातले क्षार घटलेच नाहीत, तर त्या वर्षी पिल्लं नाहीत. पाऊस आला की कुरणं बुडतात, पिल्लांना खायला आणि लपायला जागा मिळते, म्हणून ही सगळी वाट बघणं.

आयगनमानियाचा नर मादीसमोर आपली वीज क्षणभर तोडतो, पुन्हा चालू करतो, पुन्हा तोडतो. रात्रीचे तासन् तास हेच. पहाटेच्या सुमारास मादी पाणवनस्पतींमध्ये अंडी सोडते. १९८५ मध्ये मेरी हेगडॉर्न आणि वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी हे सिग्नल टेप करून ठेवले. मग अंड्यांनी भरलेल्या एका मादीच्या टाकीत ती टेप इलेक्ट्रोडमधून वाजवली. नर तिथे नव्हताच, पण मादीने अंडी घातली. ती फळणार कशी, हा प्रश्न तिला पडला नसावा.