विश्लेषण : पाच खेळाडू, एक गादी आणि युद्ध… फँटसी रोलप्लेइंग खेळाची मोहीम आखतात कशी?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतील मुले ज्या खेळात तासन्‌तास रमतात, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आता अनेकांना किमान नावाने ठाऊक आहे. पण राक्षस मारायचे आणि खजिना लुटायचा, एवढ्यावरच हा खेळ संपत नाही. गादीचा वाद, फितुरी, वेढे आणि तह यांवर बेतलेली मोहीम महिनोन्‌महिने चालू शकते. ती रंगते कशामुळे आणि अर्ध्यावर का सुटते?

हा खेळ नेमका काय?

एक जण ‘गेम मास्टर’ होतो. बाकीचे चार-पाच जण प्रत्येकी एक पात्र घेतात. गेम मास्टर प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकला जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील मुख्य फासा २० बाजूंचा असतो. एका बैठकीला ‘सेशन’ म्हणतात, तर अनेक सेशन चालणाऱ्या सलग कथेला ‘कॅम्पेन’, म्हणजेच मोहीम.

यात युद्ध आणि कारस्थान कुठून आले?

युद्ध तर मुळातच होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून जन्मला. कारस्थानाचे बीज मात्र त्याच्या थोडे आधी पडले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने १९६९च्या सुमारास ‘ब्राउनस्टीन’ नावाचा युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावात दोन सैन्ये भिडणार होती. वेस्लीने काही खेळाडूंना सैन्याऐवजी गावातील महापौर, बँकर अशा भूमिका दिल्या. झाले असे की खेळाडू कोपऱ्यात जाऊन गुप्त बोलणी करू लागले आणि ठरलेली लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीला प्रयोग फसल्यासारखा वाटला. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्या मंडळींत आर्नसनही होता.

मग आधी कथा लिहायची का?

नाही. नवखे गेम मास्टर इथेच अडकतात. राजाचा खून तिसऱ्या सेशनला, बंड सहाव्याला आणि अंतिम लढाई दहाव्याला, असे सगळे आधी ठरवले की खेळाडूंनी काहीही केले तरी गाडी त्याच रुळावरून जाते. हे त्यांच्या लवकरच लक्षात येते आणि मग रविवारची संध्याकाळ राखून ठेवण्यात कोणाला रस उरत नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याऐवजी सिस्टिम उभी करावी.

समजा, म्हातारा राजा अंथरुणाला खिळला आहे. थोरली मुलगी कर्तबगार आहे, पण कायद्याने वारस आहे तो नऊ वर्षांचा धाकटा मुलगा. सेनापतीच्या फौजेचा सहा महिन्यांचा पगार थकला आहे. मिठाचे व्यापारी दोन्ही बाजूंना कर्ज देत आहेत. शेजारच्या राज्यात राजाचा पुतण्या ओलीस आहे. आता प्रत्येक गटासाठी तीनच ओळी लिहायच्या : त्याला काय हवे, त्याच्या हाती काय आहे आणि त्याला भीती कशाची. सेनापतीला पगार हवा, हाती फौज आहे, भीती आपल्याच शिपायांची. प्रत्येकाला हवी असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती असली, की कारस्थान वेगळे रचावे लागत नाही.

खेळाडूंनी काहीच केले नाही तर?

तरीही जग पुढे सरकले पाहिजे. त्यासाठी अनेक गेम मास्टर ‘घड्याळ’ वापरतात. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात ही पद्धत ठळकपणे दिसते. कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि घटना पुढे सरकेल तसा एकेक भाग रंगवायचा. ‘सेनापतीचे बंड’ हे सहा भागांचे घड्याळ असेल, तर दुसऱ्या भागाला शिपाई एखादा करनाका लुटतात, चौथ्याला राजधानीचा पहारा बदलतो, सहाव्याला दरवाजे बंद होतात. खेळाडूंनी पगाराची सोय केली तर घड्याळ थांबते. ते दुसऱ्याच भानगडीत गुंतले तर चालत राहते.

पाच जणांनी दहा हजारांच्या लढाईत करायचे काय?

प्रत्येक शिपायासाठी फासा टाकत बसलात तर एका लढाईला चार रविवार लागतील. नुसते वर्णन करून निकाल सांगितला, तर खेळाडू प्रेक्षक होतात. यातून मार्ग दाखवणारे उदाहरण म्हणजे २००६मधील ‘रेड हँड ऑफ डूम’ ही छापील मोहीम. त्यात शत्रूसेना खोऱ्यातून पुढे सरकत असते. खेळाडूंनी पूल पाडला, शत्रूला उशीर करवला, नवे मित्र जोडले, तर त्याचे गुण जमा होतात. शेवटच्या मोठ्या लढाईचे पारडे या गुणांवर झुकते. खुद्द लढाईतही खेळाडूंच्या वाट्याला मोजकी, निर्णायक कामे येतात.

रसदीचाही विचार हवा. १७६१मध्ये पानिपतावर मराठी फौजेची रसद तुटली आणि उपासमारीने तिला तळ सोडून लढाईला उतरणे भाग पडले. धान्याच्या गाड्या अडवणे किंवा सुखरूप पोहोचवणे हे पाच जणांच्या आवाक्यातले काम आहे आणि त्यावर सैन्याचे भवितव्य ठरू शकते.

कारस्थान कुठे फसते?

बहुतेकदा ते खेळाडूंना कळतच नाही. गेम मास्टरला सगळे ठाऊक असल्याने त्याला एक इशारा पुरेसा वाटतो. जस्टिन अलेक्झांडर या गेम डिझायनरचा यावरचा नियम प्रसिद्ध आहे : खेळाडूंपर्यंत जी गोष्ट पोहोचायलाच हवी, तिचे किमान तीन सुगावे ठेवा. एक हुकेल, दुसऱ्याकडे दुर्लक्ष होईल, तिसरा हाती लागेल. व्यापारी दोन्हीकडे पैसे पुरवत आहेत हे कर्जाच्या वहीतून कळेल, दोन्ही छावण्यांत सापडलेल्या एकाच शिक्क्याच्या पोत्यांतून कळेल किंवा दारू चढलेल्या मुनिमाकडूनही.

दगाबाजी किती चालते?

१९५९चा ‘डिप्लोमसी’ हा बोर्ड गेम मैत्रीत वितुष्ट आणणारा म्हणून बदनाम आहे, कारण त्यात दिलेला शब्द पाळण्याचे कोणतेही बंधन नाही. पण तो डाव संपतो. मोहिमेत त्याच मित्रांसोबत पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचे असते. म्हणून पात्रे तयार करण्याआधी ‘सेशन झीरो’ घ्यावे. खेळाडूंच्या पात्रांनी एकमेकांना दगा द्यायचा की नाही, हे तिथेच ठरवावे. चालणार असेल, तर ‘पात्राला माहीत नाही, पण खेळाडूला माहीत आहे’ ही पद्धत बरी. दगा बसलेला माणूसही मग त्या प्रसंगाची मजा घेतो. युद्धकथेत छळ, कत्तल, लैंगिक अत्याचार असे विषय येऊ शकतात. त्यातले काय टेबलावर अजिबात नको आणि काय केवळ पडद्याआड घडल्याचे सांगायचे, हे प्रत्येकाला विचारावे. कोणी नको म्हटले तर कारण विचारू नये.

सुरुवात कशी करावी?

अख्ख्या खंडाचा नकाशा आणि हजार वर्षांचा इतिहास नको. एक खोरे, तीन गट, दोन घड्याळे आणि खेळाडूंना पहिल्याच दिवशी बाजू घ्यायला लावणारी एक घटना एवढे पुरे. प्रत्येक सेशननंतर तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत : आज खेळाडूंनी कोणाला दुखावले, कोणाला उपकृत केले आणि ही बातमी आता कोणापर्यंत पोहोचेल? पुढच्या सेशनची बरीचशी तयारी त्यातच होते.