करप्याला तीन कुलुपे

पावसाळ्यात पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यातील भातखाचरे नीट पाहा. एखाद्या पानाच्या कडा शेंड्यापासून पिवळ्या पडून वाळत असतील, तर पानाचा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरा. कापलेल्या टोकातून दुधी धागे उतरले, तर तो कडा करपा! ते धागे म्हणजे जिवाणूंचे लोंढेच.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९५९ साली महाराष्ट्रातूनच झाली. पानात शिरलेल्या जिवाणूंवर फवारणीची फारशी मात्रा चालत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती बियाण्यातच हवी. आफ्रिकेतील एका रानटी भातात तसे जनुक सापडले. परंतु जिवाणूही बदलतात. एकच कुलूप ते कधीतरी उघडतात. म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी 'सांबा मसुरी' वाणात तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणली. संकरित रोपांचा मूळ वाणाशी पुनःपुन्हा संकर केला. त्यामुळे दाण्याचा गुण टिकला. हे सुधारित बियाणे २००८ साली शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाले.

आपल्या इंद्रायणीचा सुवास राखून तिलाही अशी कुलुपे लावायची, तर वाट हीच. त्या वाटेवर उद्या तुमच्यापैकी कोण चालणार?