गच्चीवरून कृत्तिका

कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहा. पुण्या-मुंबईच्या सोसायटीच्या गच्चीवरून मात्र त्या सहा मोजणे कठीण झाले आहे. पुष्कळदा तीन-चार ठिपके दिसतात, नाहीतर नुसता पुसट पुंजका. त्याच गच्चीवर जुना डीएसएलआर आणि ट्रायपॉड लावला, तर फोटोत डझनावारी कृत्तिका उतरतात.

दिव्यांचा प्रकाश हवेतल्या धुळीवरून आणि रेणूंवरून विखुरतो आणि सगळे आकाश उजळते. तेजोमेघ, दीर्घिका यांचा प्रकाश मुळातच पसरलेला, त्यामुळे तो या उजेडात विरून जातो. ताऱ्याचा प्रकाश मात्र सेन्सरच्या मोजक्या पिक्सेलवर एकवटतो. म्हणूनच शहरातून फोटो काढायचे, तर तारकागुच्छांपासून सुरुवात करावी.

शटर मिनिटभर उघडे ठेवण्याचा मोह टाळायला हवा. आकाश तासाला 15 अंश सरकते, त्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात आणि शहराच्या उजेडाने फोटो पांढरा पडतो. 50 मिमी लेन्सने तीन-चार सेकंदांचे फोटो घ्यावेत, पण एक-दोन नव्हे, शे-दोनशे. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर ते ताऱ्यांवर तारे बसवून एकत्र करतात. आकाशाचा सरासरी उजेड वजा करता येतो. त्यातला अनियमित चढउतार, म्हणजे फोटोतला रवाळपणा, वजा होत नाही. तो सरासरीनेच कमी होतो, तोही सावकाश. 25 फोटोंनी तो पाचपट घटतो, 100 फोटोंनी दहापट. म्हणजे दुप्पट फायद्यासाठी चौपट फोटो. शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीस-तीस काळे फोटो घेतले, की सेन्सरचे स्वतःचे दोषही काढता येतात.

प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर विकत घेण्याची घाई नको. सोडियमचे पिवळे दिवे ठरावीक रंगांतच झगमगायचे, ते अडवणे सोपे होते. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश जवळजवळ सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि ताऱ्यांचाही. फिल्टर दिव्यांबरोबर तारेही मंद करतो. त्यापेक्षा गुच्छ डोक्यावर येईपर्यंत थांबणे स्वस्त पडते, कारण तिथे हवेचा थर पातळ आणि क्षितिजावरचा उजेड लांब. जानेवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास कृत्तिका आपल्याकडे जवळपास माथ्यावर असतात.

दक्षिणेकडे उंच इमारत नसेल, तर मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छही साधता येतो. तो सुमारे 17 हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्यात कोटीभर तारे आहेत. तो उत्तर युरोपातून दिसतच नाही. आपल्याकडे क्षितिजापासून 23-24 अंश वर येतो. तेवढ्या खाली शहराचा उजेड जास्त, त्यामुळे फोटोही जास्त लागतात. आणि पावसाळी ढग यायच्या आत हे उरकावे लागते.

कृत्तिकांभोवती निळसर धुके असते. ताऱ्यांच्या वाटेत आलेला तो धुळीचा ढग त्यांच्याच प्रकाशाने उजळतो. गच्चीवरून दोनशे फोटो जोडले तरी ते हाती लागत नाही. त्यासाठी कॅमेरा गाडीत घालून शहराबाहेर जावे लागते.