बोटभर उंचीचा शिपाई

ऐतिहासिक सैनिकाची लघुमूर्ती ही एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट फौजेतल्या माणसाची मापात घडवलेली प्रतिकृती असते. खेळण्यातल्या शिपायाला हात, पाय आणि तलवार असली की भागते. लघुमूर्तीतल्या शिपायाची तलवार कोणत्या घडणीची, ती कमरेला कशी अडकवलेली आणि तो शिपाई कोणाचा पगार खाणारा, याचीही उत्तरे मूर्तीतूनच मिळावी लागतात.

या कलेत ५४ मिलिमीटर ही उंची सर्वांत रुळलेली आहे. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ ओतीव शिपाई विकायला आणले आणि त्यांच्यामुळे ही उंची जगभर मान्य झाली. प्रमाण साधारण १:३२ पडते. पटावरच्या युद्धखेळांसाठी २८ मिलिमीटरचे शिपाई चालतात. संग्राहकांसाठी ७५ आणि ९० मिलिमीटरचेही होतात. पहिलीच मूर्ती करणाऱ्याने ५४ धरावे. त्याहून लहान मूर्तीत चेहरा हाती लागत नाही आणि मोठ्या मूर्तीत चूक लपत नाही.

मराठी घराला छोटा सैनिक ठाऊक आहे तो दिवाळीच्या किल्ल्यावरचा. साच्यातून काढलेले मातीचे किंवा प्लास्टरचे मावळे दिवाळीच्या तोंडावर बाजारात येतात. त्यांत प्रमाणाचा आग्रह नसतो, म्हणून पुष्कळ किल्ल्यांवर पहारेकरी बुरुजाहून उंच दिसतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही आणि वाटूही नये. अभ्यासाच्या अंगाने केलेल्या छोट्या मूर्ती पाहायच्या तर मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात निरनिराळ्या समाजांचे पोशाख आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या मूर्ती आहेत. पागोट्याचा पीळ आणि धोतराचा काष्टा इतक्या लहान मापात कसा बसवायचा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

नागपूरजवळच्या जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात छोट्या मूर्तीची ओळख तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीपासून होते. शिपाई घडवायचा तर या मुलखाला स्वतःचा इतिहास आहे. देवगडचे गोंड राज्य इथलेच. त्याच घराण्यातल्या बख्तबुलंदाने नागपूर वसवले. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्या फौजेतल्या अरब तुकड्यांनी धाकटी टेकडी काही काळ जिंकून घेतली होती. पराभवानंतर कैदेतून निसटलेले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात शिरले आणि गोंडांच्या आश्रयाने राहिले. लांब नळीची तोडेदार बंदूक आणि कमरेला जंबिया असलेला नागपूरकरांचा अरब शिपाई हा सौंसरच्या कारागिराला मावळ्याइतकाच जवळचा विषय आहे. मावळे हजारोंनी होतात. या अरबाकडे सहसा कोणी वळत नाही.

शिपाई कोणता हे ठरले की पुराव्याचे काम सुरू होते, आणि खरा वेळ तिथेच जातो. सतराव्या शतकातल्या मराठी फौजेला एकसारखा गणवेश नव्हता. कॅलेंडरवरच्या चित्रातला मावळा बराचसा विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि चित्रपटांनी घडवलेला आहे. त्याआधीचे पाहायचे तर निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने काढवून घेतलेला चित्रसंग्रह आहे. तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून त्यात मीर मुहम्मद याने काढलेले, घोड्यावरचे शिवाजी महाराज आणि सोबतचे पायदळ असे चित्र आहे. पुढच्या काळासाठी टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याचे पुस्तक उपयोगी पडते. १८०९ च्या सुमारास तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. तिथली पत्रे १८१३ मध्ये रंगीत चित्रांसह छापली गेली. हत्यारे मात्र चित्रावरून न करता वस्तूवरून करावीत. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि १८६३ पासूनचे नागपूरचे अजबबंगला संग्रहालय इथे ती पाहता येतात. सौंसरकराला नागपूर हाकेच्या अंतरावर आहे.

स्वार करायचा असेल तर एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. त्यामुळे शिलेदाराच्या खोगिरावर आणि मुठीवर त्याची ऐपत दिसू शकते, बारगिराच्या तशी दिसणार नाही. घोडाही मापातच हवा. दख्खनचे भीमथडी तट्टू खांद्याशी साधारण १३० ते १४० सेंटिमीटर उंच, म्हणजे १:३२ मापात चार ते साडेचार सेंटिमीटर. पुतळ्यावरच्या घोड्याची ऐट त्याला दिली की स्वार मराठा न राहता युरोपातल्या चिलखती सरदारासारखा दिसू लागतो. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

मग प्रत्यक्ष मूर्तीला हात लावायचा. कागदावर ५४ मिलिमीटरची आकृती काढून तिच्यावर तांब्याची सुमारे एक मिलिमीटर जाडीची तार वाकवतात. डोके साधारण सात मिलिमीटरचे येते. पायांच्या तारा तळव्याखाली लांब ठेवून लाकडी ठोकळ्यात रोवतात. मूर्तीला बोट न लावता ती फिरवायची असेल तर ठोकळ्याची ही मूठ लागतेच. उभे राहण्याचा ढंग याच टप्प्याला पक्का होतो. वजन एका पायावर, त्या बाजूचे कंबरेचे हाड वर, त्याच बाजूचा खांदा खाली. तारेत हा कल आला नाही तर वर कितीही कोरीव काम करा, शिपाई खांबासारखा उभा राहतो.

सांगाड्यावर दोन भाग मळून तयार होणारी इपॉक्सी पुट्टी चढवतात. एम-सील कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण लवकर आवळते. आतल्या भरावाला ती पुरे. बारीक कामाला मिलिपुट किंवा निळा-पिवळा भाग मिसळून हिरवी होणारी ग्रीन स्टफ घेतात. ती तासभर तरी हाताखाली मऊ राहते आणि रात्रभरात कडक होते. काम थराथराने चालते. आधी उघडे शरीर, ते वाळल्यावर सुरवार, मग अंगरखा, शेवटी शेला. ओल्या थरावर दुसरा थर घालण्याची घाई केली तर दोन्ही बिघडतात. कापडाच्या चुण्या मनाला येतील तिथे ओढायच्या नसतात. खांदा, कोपर, कंबर आणि गुडघा यांपाशी कापड ताणले जाते आणि चुण्या तिथून निघतात. मुंडाशासाठी पुट्टी टाल्कम पावडरवर पातळ लाटून दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कापतात आणि त्या खऱ्या मुंडाशासारख्याच डोक्याभोवती गुंडाळतात. हत्यार म्हणून सुया, टूथपिक आणि दंतवैद्याची जुनी कोरणी पुरतात. टोक पाण्यात बुडवत राहायचे.

तलवारीचे पाते पितळी पत्र्यातून कापून कानशीने घासतात. ९० सेंटिमीटरची तलवार इथे २८ मिलिमीटर भरते, ४५ सेंटिमीटरची ढाल १४ मिलिमीटर. ढालीचा फुगीर आकार गोटीवर पुट्टी दाबून मिळतो.

रंगात दोन गोष्टी सांभाळायच्या. इतक्या लहान आकारावर सावली आपोआप पुरेशी पडत नाही, म्हणून चुणीच्या खोलात गडद आणि कडेवर फिकट छटा हाताने द्यावी लागते. शिवाय रासायनिक रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याआधीच्या शिपायाच्या अंगावर नीळ, मंजिष्ठा, हळद यांसारखेच रंग शोभतात, तेही उन्हाने उडालेले. भडक भगवा टाळावा.

एकच मूर्ती हवी असेल तर काम इथे संपते. प्रती काढायच्या तर सिलिकोन रबराचा दोन भागांचा साचा करून त्यात रेझिन ओततात. घडवणाऱ्याने मूर्तीच्या पाटाखाली शिपायाचे वर्ष, पथक आणि कोणत्या चित्रावरून किंवा वस्तूवरून तो केला हे बारीक अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या कारागिराला तपासता येईल आणि दुरुस्तही करता येईल.